एसटी थांबली तेव्हा: तालुक्याच्या बसस्थानकावरच्या एका पेपर स्टॉलचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं एक गाव. नगरपंचायत, तहसील कचेरी, कनिष्ठ महाविद्यालय, आठवडी बाजार. रेल्वे नाही, त्यामुळे येणं-जाणं सगळं एसटीवर. बसस्थानकाच्या फाटकाबाहेर रसवंतीला लागून सहा फूट बाय चार फुटांचा पत्र्याचा स्टॉल आहे. विक्रेते पन्नाशीच्या पुढचे, त्यांना सगळे काकाजी म्हणतात. हाताशी बारावी झालेला मुलगा आणि लाइनवर, म्हणजे घरोघर पेपर टाकायला, जाणारी दोन पोरं. महिन्याची बिलं काकाजींची पत्नी लिहिते. इथे नावं गाळली आहेत. आकडे त्यांच्याच वह्यांतले आहेत.

पेपरची गाडी पहाटे साडेचार ते सव्वापाचच्या दरम्यान येते. गठ्ठे फाटकाजवळ उतरतात, त्यावर प्रतींच्या आकड्याची चिठ्ठी असते. पंचवीस-पंचवीसच्या घड्या आडव्या-उभ्या रचून मोजायच्या, पुरवण्या भरायच्या, पत्रकं आली असतील तर तीही टाकायची. पावणेसहाला लाइनची पोरं निघतात. प्रती कमी निघाल्या तर चिठ्ठीसह फोटो सकाळी सातच्या आत एजन्सीला पाठवावा लागतो. नंतर सांगितलेली तूट बिलातून वजा होत नाही.

सप्टेंबर 2021 मधला रोजचा हिशोब असा होता. सात पेपर मिळून 310 प्रती. त्यातल्या 90 घरपोच, 40 दुकानं, दवाखाने आणि कचेऱ्यांत, उरलेल्या 180 काउंटरला. काउंटरवर सरासरी 165 खपायच्या, आणि खपणाऱ्या दहांपैकी सात प्रवासी घ्यायचे. पेपरची किंमत सरासरी 5 रुपये, विक्रेत्याला पडायचा साडेतीन रुपयांना, म्हणजे प्रतीमागे दीड रुपया सुटायचा. महिन्याचं बिल साडेबत्तीस हजारांच्या आसपास.

या धंद्यात कमिशनपेक्षा उरलेली प्रत जास्त बोलते. काही पेपर ठरावीक प्रती परत घेतात, काही एकही घेत नाहीत. परत न जाणारी प्रत रद्दीत जाते. सोळा पानी पेपर सुमारे 65 ग्रॅम भरतो, किलोत पंधरा बसतात, आणि रद्दीला किलोमागे 12 रुपये मिळत होते, म्हणजे प्रतीला 80 पैसे. साडेतीनातून 80 पैसे वजा जाता 2 रुपये 70 पैसे बुडाले. एक उरलेली प्रत जवळजवळ दोन खपलेल्या प्रतींचं कमिशन खाते. एरवी परत न जाणाऱ्या अशा सातच प्रती उरायच्या, म्हणून सगळा खर्च जाता दिवसाला 424 रुपये हाती यायचे. लाइनच्या पोरांचा पगार घरपोचच्या सेवाशुल्कातून निघायचा, तो यात धरलेला नाही.

अडचण

ऑक्टोबर 2021 च्या शेवटच्या आठवड्यात एसटी कर्मचाऱ्यांचं आंदोलन सुरू झालं आणि 8 नोव्हेंबरच्या सुमारास राज्यातली जवळपास सगळी आगारं बंद पडली. लक्ष्मीपूजन 4 नोव्हेंबरला होतं. पेपर स्टॉलसाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता, कारण वर्षातली सर्वांत मोठी उलाढाल दिवाळी अंकांची असते आणि मासिकं-अंकांची पार्सलं एसटीनेच येत होती.

पेपरची गाडी खासगी, ती रोज येत राहिली. माल वेळेवर, पूर्ण आणि ताजा. घ्यायला माणूस नाही. सहाची यवतमाळ गाडी, साडेसहाची, सातची, या तीन गाड्यांच्या वेळेला स्टॉलवर जी गर्दी व्हायची ती एका दिवसात गेली. काउंटरची विक्री 165 वरून 58 वर आली.

दिवाळी अंकांचं वेगळंच झालं. 22 मासिकांचे मिळून 140 अंक मागवले होते. त्यातले 80 संपाआधी आले. उरलेल्या 60 चं पार्सल जिल्ह्याच्या ठिकाणी अडकलं. ते 12 नोव्हेंबरला मुलगा मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला, तेव्हा दिवाळी उलटून आठवडा झाला होता. तोवर विकले गेले होते 37.

पहिला निर्णय: प्रती कधी कमी करायच्या

काकाजींनी पहिले नऊ दिवस मागणी बदलली नाही. कारणं खोटी नव्हती. संप उद्या मिटेल, परवा मिटेल, अशी बातमी रोज त्यांच्याच स्टॉलवरच्या पेपरात येत होती. दुसरं कारण एजन्सीचं. एका पेपरच्या वितरण विभागाचा माणूस फोनवर म्हणाला, ‘आता कमी केल्या तर संप मिटल्यावर लगेच वाढवून मिळतील असं समजू नका.’ हे बोलणं विक्रेत्यांना नवीन नाही. खप कमी दिसला की त्या माणसालाही वर उत्तर द्यावं लागतं, म्हणून तो टिकवून धरायला सांगतो. पण उरलेल्या प्रतीचे पैसे तो भरत नाही.

नऊ दिवसांचा हिशोब बघा. काउंटरला रोज 180 आल्या, 58 खपल्या, 122 उरल्या. 12 परत गेल्या, 110 रद्दीत. बुडीत 297 रुपये. काउंटरचं कमिशन 87 रुपये, घरपोच आणि दुकानांचं 195. बेरीज 282. म्हणजे पहाटे चारला उठून, दिवसभर बसून, दिवसाला पंधरा रुपये खिशातून गेले. नऊ दिवसांत एकट्या रद्दीत 2,673 रुपये.

17 नोव्हेंबरला मुलाने वही पुढे ठेवली. तो रोज सात, आठ, नऊ आणि अकरा वाजता उरलेल्या प्रती मोजून लिहीत होता. त्यात दोन गोष्टी दिसत होत्या. सातपर्यंतची विक्री जवळपास शून्यावर आली होती. आणि नऊ ते अकराची विक्री थोडी वाढली होती, आधीच्यापेक्षाही. ही दुसरी गोष्ट पुढे कामाची ठरली. त्या दिवशी मात्र एवढंच ठरलं की काउंटरच्या प्रती 180 वरून 85 करायच्या. मागणीतला बदल आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत कळवावा लागतो. काकाजींनी फोन केला आणि मागून तोच आकडा लिहून व्हॉट्सॲपवरही पाठवला. पुढे डिसेंबरच्या बिलात एका पेपरच्या प्रती जुन्याच आकड्याने लागल्या होत्या, तेव्हा तो मेसेज कामी आला.

दुसरा निर्णय: थांबायचं की हलायचं

पर्याय चार होते. एक, गाड्या सुरू होईपर्यंत काउंटर बंद ठेवून फक्त लाइन चालवायची. यात नुकसान थांबलं असतं, पण बंद स्टॉलसमोरची जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसरा ठेला लागतो आणि मग तो हलत नाही. दोन, आहे तिथेच कमी प्रतींवर बसायचं. तीन, माणसं जिथे गेली तिथे जायचं. चार, गावाबाहेरची नवी लाइन उघडायची.

माणसं कुठे गेली, याचं उत्तर वहीतल्या नऊ ते अकराच्या आकड्यात होतं. शासनाने संपकाळात खासगी वाहनांना प्रवासी वाहतुकीची मुभा दिली होती. काळीपिवळ्या आणि ट्रॅव्हल्स बसस्थानकापासून सहाशे मीटरवरच्या तिठ्यावर भरू लागल्या. पहिली जीप साडेआठला निघायची, त्याआधी कोणी येत नव्हतं. तिकडे पायी जाणारे काहीजण वाटेत स्टॉलवरून पेपर घेत होते.

18 नोव्हेंबरपासून जुनी हातगाडी तिठ्यावर लागली. वर ताडपत्री, बांबूला दोरी, दोरीवर कपडे वाळवायच्या चिमट्यांनी लावलेले पेपर. बसस्थानकाला 45 प्रती, तिठ्याला 40. पहिल्या आठवड्यात तिठ्यावर रोज जेमतेम 19 खपल्या. चूक जागेची होती. गाडी लावली होती ती जीप रिकाम्या होतात त्या बाजूला. उतरलेला माणूस घाईत असतो, तो कचेरीकडे नाहीतर दवाखान्याकडे निघतो. पेपर घेतो तो थांबलेला माणूस. जीप भरायला वीस मिनिटं, कधी चाळीस. तोवर लोक समोरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्याजवळ उभे असायचे. हातगाडी रस्ता ओलांडून पोह्याच्या ठेल्याच्या डाव्या अंगाला आणली आणि विक्री 36 वर गेली. अंतर तीस पावलांचं.

पोहेवाल्याने पोहे बांधून द्यायला जुने पेपर मागितले, किलोला 12 ऐवजी 15 द्यायला तयार होता. काकाजींनी दिले नाहीत, आणि ते योग्यच केलं. छापील शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात देऊ नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 पासून बजावलं आहे. किलोमागे तीन रुपयांसाठी आपल्याच गिऱ्हाइकाच्या पोटात शाई घालायची नाही.

जागेच्या परवानगीत त्रास झाला. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार मिळालेलं प्रमाणपत्र ठरावीक जागेचं असतं, त्यावर दुसऱ्या चौकात हक्क सांगता येत नाही. नगरपंचायतीवर तेव्हा प्रशासक होते. तिसऱ्या दिवशी वसुलीच्या माणसाने हातगाडी हटवायला लावली. मग तात्पुरत्या जागेचा साधा अर्ज दिला, कारण लिहिलं ‘एसटी बंद असेपर्यंत’, सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतला. लेखी मंजुरी शेवटपर्यंत आली नाही. पण शिक्क्याची प्रत दाखवून रोजची पावती फाडली की गाडी उभी राहू देत होते. अर्ज आधी आणि गाडी नंतर, असा क्रम ठेवला असता तर तीन दिवस वाचले असते.

तिसरा निर्णय: दुधाच्या क्यानीबरोबर पेपर

चौथा पर्याय काकाजींना सुचला नव्हता. तो एका दूधवाल्याने आणला. तो रोज नऊ किलोमीटरवरून गावात दूध घालायला यायचा आणि साडेसातला परत फिरायचा. स्टॉलवर पेपर बघत उभा असताना म्हणाला, ‘काकाजी, माह्या क्यानी रिकाम्याच वापस जातेत, टाका एक गठ्ठा मांगं.’

त्याच्या वाटेवर चार गावं. तिथे पेपर पूर्वी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती जायचा, तो बंद झाला होता. वेळही चांगली होती. सोयाबीन विकून घरात पैसा होता, कापसाचा भाव चढत होता (त्या हंगामात तो क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला), आणि शेतकऱ्याला रोज बाजारभावाचं पान हवं होतं. दूधवाल्याला प्रतीमागे 50 पैसे ठरले. 38 घरं मिळाली. मागितले ते तीन महिन्यांचे आगाऊ 450 रुपये, आणि 31 घरांनी दिले. खेड्यातली पेपरची उधारी पीक निघेपर्यंत थांबते. म्हणून पीक निघालेलं असताना आगाऊ मागणं बरोबरच होतं.

इथेच एक खोल चूक झाली, आणि ती अनेक विक्रेते करतात. 31 घरांचे 13,950 रुपये एकदम हातात आले. त्याच वेळी दिवाळी अंकांचं बिल देणं होतं, त्यात यातले 6,000 गेले. पण 450 मध्ये 315 रुपये पेपरचे, 45 दूधवाल्याचे, आपले फक्त 90. म्हणजे 13,950 मधली खरी कमाई 2,790. बाकीचा पैसा पुढच्या तीन महिन्यांच्या बिलांचा होता. जानेवारीत बिल थकलं, एका पेपरने दोन दिवस पुरवठा थांबवला आणि गावातल्या चौदा घरी पेपर पडला नाही. त्यातली दोन घरं कायमची गेली. काकाजींच्या पत्नीने तेव्हापासून आगाऊ रक्कम वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. दर महिन्याला एक तृतीयांश काढायची, तीही बिल भरताना.

दिवाळी अंकांचं काय केलं

103 अंक उरले होते. वितरकाची अट अशी की ठरलेल्या तारखेपर्यंत कोरे अंक परत घेणार, वाहतूक विक्रेत्याची. सगळे परत पाठवणं हा सोपा मार्ग होता. त्याऐवजी चांगले 30 अंक निवडून वाचन योजना काढली. दोन महिने, एका वेळी एक अंक, वर्गणी 150 रुपये. वाचलेला अंक परत जात नाही, म्हणून हे 30 विकतच घ्यावे लागले: सरासरी किंमत 250, पडले 187 रुपये 50 पैशांना, एकूण 5,625. सभासद झाले 34, जमले 5,100. जानेवारीच्या शेवटी वापरलेले 22 अंक 80 रुपयांनी विकले, 1,760 आले. सुटले 1,235.

पैशापेक्षा मोठा फायदा हा की अंक बदलायला ही 34 माणसं आठवड्यातून एकदा तरी स्टॉलवर येत होती, गाड्या बंद असतानाही. त्यात शिक्षिका होत्या, निवृत्त तलाठी होते, अभ्यासिकेत बसणारी पोरं होती. 23 जानेवारी 2022 ला राज्यसेवेची पूर्व परीक्षा होती. चालू घडामोडींची मासिकं याच पोरांनी नेली.

बाकी 73 अंक ट्रॅव्हल्सने परत गेले. भाडं 380. सहा नाकारले गेले: तिघांची मुखपृष्ठं उन्हाने उडाली होती, तिघांसोबतची पुस्तिका हरवली होती. अंक दोरीवर टांगायचा तर एकच टांगावा आणि तो नमुन्याचा धरावा. बाकी वेष्टणातच ठेवावेत.

दोन खास दिवस

नगरपंचायतीच्या मतमोजणीचा दिवस 19 जानेवारी 2022. स्थानिक पानं चांगली देणाऱ्या दोन पेपरच्या 80 प्रती 20 तारखेसाठी जास्त मागवल्या, 74 खपल्या. दुपारपर्यंत लोक येत होते. ‘काकाजी, एखादा उरला का? भावाचं नाव आलं म्हणते त्याच्यात.’ असं विचारणारे उमेदवारांचे नातेवाईक एकेक नाही, तीन-तीन प्रती नेत होते.

दुसरा दिवस 7 फेब्रुवारी. लता मंगेशकर 6 तारखेला, रविवारी सकाळी गेल्या. काकाजींनी दुपारी एकलाच फोन करून 60 प्रती वाढवल्या. संध्याकाळी पाचला सगळ्यांचे फोन येतात, तेव्हा एजन्सी देईलच असं नाही. साडेनऊपर्यंत सगळ्या संपल्या. बऱ्याच जणांनी जपून ठेवायला घेतल्या होत्या, म्हणून मुलगा त्या पुन्हा न दुमडता गुंडाळी करून, रबर लावून देत होता. चूक दुसऱ्या दिवशीची. वाढीव मागणी ‘फक्त 7 तारखेसाठी’ असं सांगायचं राहिलं. 8 तारखेलाही त्यातल्या काही आल्या आणि 25 उरल्या.

परिणाम

डिसेंबर ते मार्च या काळात दिवसाची कमाई 340 रुपयांच्या आसपास टिकली: घरपोच आणि दुकानांचे 195, दोन्ही काउंटरचे मिळून 77 प्रतींचे 115, चार गावांचे 38, बुडीत वजा जाता. काहीच केलं नसतं तर ती शून्याखाली गेली असती.

उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर यायला सांगितलं आणि गाड्या हळूहळू सुरू झाल्या. काउंटर मात्र पूर्वीसारखं झालं नाही. जूनमध्ये बसस्थानकावर रोज 112 प्रती खपत होत्या, आधीच्या 165 च्या जागी. सहा महिन्यांत कित्येकांची सवय मोडली, काहींनी मोबाइलवर पेपर वाचायला सुरुवात केली, आणि सकाळच्या तीन गाड्यांपैकी एक तेव्हा सुरूच झाली नव्हती. तिठ्यावरची हातगाडी मे महिन्यात उन्हामुळे काढली. पंचेचाळीस अंशांत ताडपत्रीखाली माणूस आणि कागद दोन्ही टिकत नाहीत. गावातल्या लाइनची 84 घरं राहिली, चार खेड्यांत 29. जूनची रोजची कमाई 372 रुपये. संपाआधीपेक्षा 52 रुपयांनी कमी.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महाग पडले ते पहिले नऊ दिवस. संप कधी मिटेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा वहीचा नियम हवा होता: सलग तीन दिवस काउंटरच्या 70 टक्क्यांहून कमी खप झाला की चौथ्या दिवशी प्रती उतरवायच्या, आणि एकदम न उतरवता आधी निम्म्यावर. 8 तारखेला बंद झालं तर 11 च्या पेपरपासून कपात लागू झाली असती. एजन्सी कुरकुर करते, पण एप्रिलनंतर वाढवून मागितलेल्या प्रती सातपैकी सहा पेपरांनी आठवड्याच्या आत दिल्या. ज्या भीतीपोटी नऊ दिवस थांबले ती बहुतांशी खोटी ठरली.

तिठ्याकडे जाण्याआधी तिथे एक सकाळ नुसतं उभं राहायला हवं होतं. कोण कुठे थांबतं, किती वेळ थांबतं, हातात पिशवी किती असते. जीपमध्ये मांडीवर मूल आणि पायाशी पोतं घेऊन बसणारा माणूस मोठा पेपर उलगडू शकत नाही. तिथे सोळा पानीपेक्षा आठ-दहा पानी पेपर जास्त गेले, हे दोन आठवड्यांनी कळलं.

दूधवाल्याच्या लाइनवर एकच माणूस होता. फेब्रुवारीत त्याच्याकडे लग्न होतं, चार दिवस गठ्ठा गेला नाही, आणि आगाऊ मुदत संपताना नऊ घरांनी पुढे पैसे भरले नाहीत. दुसऱ्या दूधवाल्याशी किंवा शाळेत जाणाऱ्या शिक्षकाशी आधीच बोलून ठेवलं असतं तर त्यातली निम्मी तरी राहिली असती.

पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं. काकाजींनी 140 ऐवजी 90 दिवाळी अंक सांगितले, दोन हप्त्यांत: पहिले 50 दसऱ्याच्या आत एसटीने, उरलेले 40 पहिल्यांची विक्री बघून ट्रॅव्हल्सने. वाचन योजनेची वर्गणी 150 वरून 200 केली. आधीच्या 34 पैकी 27 जणांनी पैसे अंक यायच्या आधीच आणून दिले. ते त्याच वेगळ्या डब्यात गेले.